स्मार्टफोनच्या प्रणालींची तुलना आणि मराठीचा निकष

स्मार्टफोन विकत घेण्यापूर्वी त्याच्या निरनिराळ्या प्रणालींची तुलना करून पाहावी, हा सल्ला आता इतका रूढ झाला आहे की अशा तुलनेचा एक स्वतंत्र लेखनप्रकारच मराठीत स्थिरावला आहे. दैनिकांच्या पुरवण्यांतून आणि सणासुदीच्या खरेदी-विशेषांकांतून तो नियमाने भेटतो. त्याचा साचाही ठरून गेलेला आहे. एका बाजूस गूगलची अँड्रॉइड ही प्रणाली, दुसऱ्या बाजूस ॲपलची आयओएस. मध्ये प्रोसेसर, कॅमेरा, बॅटरी, सुरक्षितता आणि किंमत यांच्या ओळी. आणि शेवटी ‘ज्याची त्याची आवड’ असा निर्णय टाळणारा निर्णय. या लेखनात माहिती खोटी असते असे नाही. पुष्कळदा ती बिनचूक असते. तरीही हे लेखन वाचून मराठी वाचकाच्या हाती फारसे काही लागत नाही, आणि त्याचे कारण लेखकांच्या अज्ञानात नसून त्यांनी स्वीकारलेल्या निकषांत आहे. हे निकष इंग्रजी परीक्षणांतून जसेच्या तसे उचललेले आहेत. इंग्रजी वाचकाला आपली भाषा फोनमध्ये चालेल की नाही, हा प्रश्नच पडत नाही. म्हणून इंग्रजी परीक्षणात भाषेचा रकाना नसतो. मराठी परीक्षणकाराने तो रकाना नसलेला तक्ता घेतला आणि त्याचे भाषांतर केले. परिणाम असा की मराठीत लिहिलेल्या तुलनेतून मराठीच वगळली गेली.

क्वचित ‘प्रादेशिक भाषा: आहेत’ अशी एक ओळ शेवटी सापडते. प्रस्तुत परीक्षणाचा विषय ती एक ओळ हाच आहे. फोनमध्ये मराठी ‘आहे’ या विधानाचा अर्थ काय, तो एकच आहे की अनेक, आणि ते अर्थ वेगळे केल्यावर दोन प्रणालींविषयीचा निर्णय बदलतो काय, हे पाहावयाचे आहे.

अशी तपासणी हवेत करता येत नाही. तिला एक ठिकाण आणि एक ग्राहक गृहीत धरावा लागतो. मुंबई-पुण्याचा इंग्रजी जाणणारा ग्राहक धरला तर भाषेचा प्रश्न सौम्य होऊन जातो. म्हणून येथे नागपूर जिल्ह्यातील भिवापूर घेतले आहे. नागपूरहून आग्नेयेस उमरेडच्या पुढे असलेले हे तालुक्याचे गाव आपल्या मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. भिवापुरी मिरचीला भौगोलिक निर्देशांकाची नोंदही मिळालेली आहे. भाषेच्या अभ्यासकाला हे गाव दुसऱ्याच कारणाने महत्त्वाचे वाटेल. एका अंगाला नागपुरी-वऱ्हाडीचा प्रदेश, दुसऱ्या अंगाला भंडारा व चंद्रपूर या जिल्ह्यांतील झाडीबोलीचा प्रदेश, अशा सीमेवर ते वसलेले आहे. येथील शेतकऱ्याला फोन केवळ बोलण्यासाठी किंवा करमणुकीसाठी लागतो असेही राहिलेले नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे आपल्या शेतातील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः फोनवरून, छायाचित्रासह करावयाची असते, आणि ती नोंद सातबाऱ्यावर जाते. जे काम पूर्वी तलाठ्याच्या लेखणीने होत असे ते आता शेतकऱ्याच्या अंगठ्याने होते. अशा माणसाच्या हातातील यंत्राला त्याची भाषा किती येते, हा प्रश्न मग आवडीनिवडीचा उरत नाही.

तुलनेच्या विषयाचे नावही येथे विचारात घ्यावे लागते. या लेखनात ‘प्लॅटफॉर्म’ हा शब्द सर्रास येतो. मराठीने हा शब्द एकदा आधीच घेतला होता आणि त्याचा ‘फलाट’ करून तो पुरता पचवलाही होता. नवा ‘प्लॅटफॉर्म’ मात्र फलाटापासून अगदी तुटून आला. भाषेत एकाच शब्दाचे असे दोनदा येणे नवलाचे नाही. परंतु अर्थाच्या दृष्टीने फलाटापेक्षा रुळांची रुंदी हीच येथे अधिक जवळची उपमा ठरेल. नागपूर–नागभीड हा उमरेड-भिवापूरवरून जाणारा लोहमार्ग अरुंद मापाचा होता. तो २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला. अरुंद मार्गावरची गाडी रुंद मार्गावर चालत नाही. माल उतरवून पुन्हा चढवावा लागतो. अँड्रॉइड आणि आयओएस यांचे नाते असेच आहे. एका प्रणालीसाठी घेतलेले ॲप दुसरीवर चालत नाही. एकीत साठलेला संग्रह दुसरीत नेताना उतरंड-चढंड करावी लागते. म्हणून पहिली निवड पुढच्या निवडीलाही बांधून ठेवते, आणि म्हणूनच ती विचारपूर्वक व्हावी हे तुलनाकारांचे म्हणणे योग्यच आहे.

आता कालक्रम पाहू. पहिला आयफोन २९ जून २००७ रोजी अमेरिकेत विक्रीस आला; भारतात आयफोनची विक्री २२ ऑगस्ट २००८ रोजी सुरू झाली. अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन २००८ च्या अखेरीस बाजारात आला. म्हणजे दोन्ही प्रणाली जवळजवळ समवयस्क. परंतु फोनचा संपूर्ण व्यवहार, म्हणजे त्यातील याद्या, सूचना, प्रश्न व आज्ञा, मराठीत करून घेण्याची सोय अँड्रॉइडने आपल्या ५.० या आवृत्तीत, नोव्हेंबर २०१४ मध्ये दिली. आयओएसने ती १८.४ या आवृत्तीत, ३१ मार्च २०२५ रोजी दिली. त्या वेळी मराठीबरोबर बांगला, गुजराती, कन्नड, मल्याळम, ओडिया, पंजाबी, तमिळ, तेलुगू आणि उर्दू अशा एकूण दहा भाषा दाखल झाल्या. मधले अंतर दहा वर्षांहून अधिक आहे. हिंदीला आयओएसमध्ये स्थान मिळाले होते ते २०१४ मध्ये. अर्थात या दहा वर्षांत आयफोनवर मराठी लिहिता येत नव्हते असे नाही: मराठी कळफलक त्यावर २०१४ पासूनच आहे. मराठीत लिहा, पण आमच्याशी बोलताना इंग्रजीत किंवा हिंदीत बोला, अशी ती स्थिती होती. तुलनेच्या तक्त्यात या दोन्ही अवस्थांसमोर ‘मराठी: आहे’ असेच उत्तर पडते. एका शब्दाखाली दहा वर्षांचा फरक कसा दडतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

वस्तुतः ‘मराठी आहे’ या विधानाचे किमान पाच अर्थ संभवतात: मराठी अक्षरे पडद्यावर नीट दिसणे, ती सुलभपणे उमटवता येणे, यंत्राने स्वतः मराठीत बोलणे, उच्चारलेली मराठी यंत्राला कळणे, आणि मराठी मजकूर शोधता व अनुक्रमे लावता येणे. यांपैकी पहिल्या अर्थाचा विचार सर्वांत उपेक्षित आहे, कारण तो सुटला असे सर्वांनी गृहीत धरले आहे.

देवनागरी दिसते, म्हणजे मराठी दिसते, हे ते गृहीत. सुरुवातीच्या स्वस्त फोनांवर देवनागरीच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत. त्या गेल्या आणि लोकांना वाटले की काम संपले. परंतु मराठीची देवनागरी आणि हिंदीची देवनागरी या तंतोतंत एक नाहीत. ‘शेतकऱ्यांना’, ‘वाऱ्यावर’, ‘सातबाऱ्यावर’ या शब्दांतील अर्धा र हा मराठीचा विशेष आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही जोडपी व्याकरणाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित आहेत. पहिल्या शब्दांत रफार, दुसऱ्यांत आडव्या रेघेचा र, आणि अर्थ अगदी भिन्न. हा र संगणकीय लेखनात दोन मार्गांनी साठवला जातो. युनिकोडमध्ये ‘ऱ’ असे खाली टिंब असलेले अक्षर आहे. द्राविडी भाषांतील वर्त्स्य र लिप्यंतरित करण्यासाठी ते योजलेले, आणि त्याचेच अर्धे रूप म्हणजे मराठीचा हा र अशी व्यवस्था केलेली आहे. दुसरा मार्ग म्हणजे साधा र, हलन्त चिन्ह आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. दोन्ही मार्गांनी पडद्यावर उमटणारे रूप एकच. डोळ्यांना ‘शेतकऱ्यांना’ हा एक शब्द दिसतो. यंत्राच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द असतात. एकाने एका मार्गाने लिहिलेला शब्द दुसऱ्याने दुसऱ्या मार्गाने शोधला, आणि शोधणाऱ्या ॲपने दोन्हींची सांगड आधी घालून ठेवली नसेल, तर ‘सापडले नाही’ असे उत्तर येते. शब्द समोर असतो आणि यंत्र तो नाही म्हणून सांगते.

‘ॲ’ या अक्षराची कथा अशीच आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान ५.१ या आवृत्तीत, २००८ मध्ये मिळाले. त्याआधी अ वर चंद्र देऊन ते लिहीत, आणि ती सवय अद्याप गेलेली नाही. ‘ॲप’ हा आज मराठीत सर्वाधिक उच्चारल्या जाणाऱ्या इंग्रजी शब्दांपैकी एक. तो स्वतःच दोन प्रकारांनी साठवलेला आढळावा, यात काहीसा विनोद आहे.

ल आणि श यांच्या आकारांचा प्रश्न याहून वेगळ्या जातीचा. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला व जोडाक्षरे प्रमाणित केली आणि १० नोव्हेंबर २०२२ रोजी ती अद्ययावत केली. त्यानुसार मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श योजावयाचा आहे. फोनच्या पडद्यावर मात्र पुष्कळदा हिंदी वळणाचेच ल आणि श दिसतात. हा संकेतनाचा दोष नव्हे. दोन्ही वळणांचे संकेत एकच आहेत. कोणते वळण उमटवावे हे अक्षरसंचाने, मजकूर मराठी आहे अशी खूण पाहून, ठरवावयाचे असते. अक्षरसंचात मराठी रूपे असावी लागतात आणि ॲपने ती खूण द्यावी लागते; दोहोंपैकी एक जरी चुकले तरी हिंदी रूप उमटते. शाळेत मूल एक ल गिरवते आणि घरी येऊन वडिलांच्या फोनवर दुसरा ल वाचते. हे गंभीर संकट आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु प्रमाणलिपीविषयी शासननिर्णय काढायचा आणि ती लिपी ज्या यंत्रांवर सर्वांत जास्त वाचली जाते त्यांच्याकडे पाहायचे नाही, हा व्यवहारही फारसा गंभीर म्हणता येत नाही.

येथे जुन्या एका प्रकरणाची आठवण करून देणे अवश्य आहे. टंकलेखनयंत्रे आणि छपाईचे खिळे यांच्या सोयीसाठी नागरी लिपीनेच बदलावे, असा आग्रह विसाव्या शतकाच्या मध्यावर प्रबळ होता. १९५३ च्या लखनौ येथील लिपिसुधार परिषदेने ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे न्यावी असे सुचवले होते. ते रूप टिकले नाही आणि सूचना मागे पडली. त्या काळी यंत्र अचल होते आणि लिपी लवचीक मानली गेली. आज यंत्र लवचीक आहे. जोडाक्षरे जुळवण्याचे काम अँड्रॉइडमध्ये हार्फबझ आणि ॲपलच्या यंत्रांत कोअरटेक्स्ट हे घटक करतात, आणि लिपीची कोणतीही गुंतागुंत तत्त्वतः त्यांच्या आवाक्यात आहे. हे काम किती नाजूक असते ते फेब्रुवारी २०१८ मध्ये दिसून आले: तेलुगूतील ‘ज्ञा’ हे एक अक्षर संदेशात आले की त्या वेळच्या आयओएसवरील ॲप बंद पडत असे. ११.२.६ ही दुरुस्त आवृत्ती त्याच महिन्यात निघाली. प्रसंग हास्यास्पद वाटला तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. भारतीय जोडाक्षरांची कसोटी, यंत्र बाजारात जाण्यापूर्वी, इंग्रजी अक्षरांइतक्या बारकाईने घेतली गेली नव्हती.

दुसरा अर्थ लेखनाचा. मराठी उमटवण्याच्या तीन पद्धती फोनवर प्रचलित आहेत. इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठी प्रमाणित केलेली मांडणी. तिच्यात स्वर एका हाताला आणि व्यंजने दुसऱ्या हाताला. दोन हातांनी टंकन करणाऱ्यासाठी ती उत्तम. एका अंगठ्याने लिहिणाऱ्याला तिचा तो गुण उपयोगी पडत नाही. दुसरी पद्धत रोमन अक्षरांतून देवनागरी करण्याची, आणि तिचाच प्रसार सर्वाधिक झालेला दिसतो. तिसरी पद्धत मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राने काढलेल्या ‘स्वरचक्रा’ची: व्यंजनावर बोट ठेवले की त्याभोवती स्वरांचे चक्र उघडते आणि बाराखडी बोटाखाली येते. वर्णमालेच्या शास्त्रीय रचनेचा इतका सरळ उपयोग करणारा दुसरा कळफलक दाखवणे कठीण आहे. स्वरचक्र प्रथम अँड्रॉइडसाठी निघाले, कारण परक्या कळफलकाला अँड्रॉइडमध्ये मोकळीक होती. आयओएसने ती आठव्या आवृत्तीत, २०१४ मध्ये दिली. एका प्रणालीच्या ‘खुलेपणा’विषयी तुलनाकार जे मोघम लिहितात त्याचा मराठी लेखकाच्या दृष्टीने खरा अर्थ हा होता.

रोमनमार्गे लिहिण्याच्या पद्धतीत मात्र एक अडचण आहे आणि ती भिवापुरात अधिक जाणवावी अशी आहे. रोमन लिपीत न आणि ण, ल आणि ळ यांना सहज वेगळे करता येत नाही. त्यामुळे लिहिणारा एक अक्षर दाबतो आणि न की ण हे यंत्र शब्दसंग्रह पाहून ठरवते. ज्याच्या बोलीत हा भेद आहे तो यंत्राची चूक ओळखून दुरुस्त करतो. झाडीबोलीत ण आणि ळ हे वर्णच नाहीत: ‘पाणी’ तेथे ‘पानी’ असते आणि ‘डोळा’ ‘डोरा’. वऱ्हाडीत तोच ‘डोया’ होतो. या बोलींच्या भाषकाने आपला शब्द लिहू लागावे आणि यंत्राने प्रमाणभाषेचा शब्द पुढे करावा, ही दुरुस्ती आहे की दडपण? एकीकडे शाळेत न साधलेले प्रमाणलेखन फोन शिकवतो. दुसरीकडे बोलीत लिहू पाहणाऱ्याला तो प्रत्येक शब्दाशी अडवतो. दोन्ही विधाने खरी आहेत.

उच्चारलेली भाषा ओळखण्याच्या बाबतीत हा प्रश्न तीव्र होतो. गूगलने बोलून लिहिण्याची सोय मराठीसाठी ऑगस्ट २०१७ मध्ये, इतर सात भारतीय भाषांबरोबर, दिली. ॲपलच्या सिरीने आयओएस १८ पासून, म्हणजे २०२४ मध्ये, इंग्रजीत मराठी मिसळून केलेली विचारणा समजून घेण्यास आरंभ केला. येथेही अँड्रॉइडची आघाडी सात वर्षांची. ज्यांना लिहिण्याचा सराव नाही त्यांच्यासाठी ही सोय कळफलकापेक्षा मोठी आहे, आणि तुलनेच्या तक्त्यात तिला पहिले स्थान मिळावयास हवे. परंतु ‘मराठी’ म्हणजे कोणती मराठी? ग्रियर्सनने १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात वऱ्हाडी व नागपुरी यांचा स्वतंत्र विचार केला होता. फोनच्या भाषांच्या यादीत मात्र मराठीसमोर कंसात ‘भारत’ एवढेच असते. ‘मले भिवापूरले जायाचं हाये’ या वाक्यातील ‘ले’ हा प्रत्यय किंवा ‘तो जाऊन राहिला’ ही क्रियेचे चालू असणे दाखवणारी रचना, ही अपवादात्मक रूपे नव्हेत. विदर्भातील रोजच्या बोलण्याचा तो कणा आहे. ज्या यंत्रणेचे शिक्षण मुख्यतः छापील व प्रमाण मजकुरावर झाले असेल ती ‘मले’ऐकून ‘मला’ किंवा ‘मले’शी जुळणारा तिसराच शब्द लिहिण्याचा संभव राहतो, आणि ‘जाऊन राहिला’चा अर्थ ती पुण्याच्या मराठीप्रमाणे ‘गेला आणि तेथे मुक्काम केला’ असा लावू शकते. या कसोटीवर दोन्ही प्रणालींना समान गुण मिळतात, म्हणजे दोन्हींना कमीच मिळतात.

यंत्राने स्वतः बोललेल्या मराठीचे परीक्षण खरे तर साहित्याच्या अभ्यासकांनी करावयास हवे, कारण आज सर्वाधिक वाचले जाणारे मराठी गद्य कदाचित तेच आहे. अँड्रॉइडच्या मराठीचा कल गेल्या दशकात संस्कृतोद्भव प्रतिशब्दांकडून रूढ इंग्रजी शब्दांकडे झुकलेला दिसतो. ‘सेटिंग्ज’, ‘स्टोरेज’, ‘डिस्प्ले’ ही तिची आजची शब्दकळा आहे. यावर शुद्धतावाद्यांची टीका होते, पण भिवापूरच्या मोबाइलच्या दुकानात ‘सेटिंग’ हाच शब्द चालतो, आणि जो शब्द दुकानदाराला विचारता येतो तोच फोनमध्ये असणे श्रेयस्कर. खरा दोष शब्दांत नसून वाक्यरचनेत आहे. ही वाक्ये साच्यातून निघतात: रिकामी जागा ठेवलेले एक वाक्य असते आणि तिच्यात नाव भरले जाते. इंग्रजीत नामाला विभक्तीमुळे विकार होत नाही, म्हणून साचा बेमालूम बसतो. मराठीत सामान्यरूप आहे. एखाद्याने ‘मिरचीचा हिशोब’ नावाचा फोल्डर केला तर मराठी माणूस ‘मिरचीच्या हिशोबात’ म्हणेल. साचा ‘मिरचीचा हिशोब मध्ये’ असे म्हणणार. लिंगाची अडचण तशीच: फोटो हटवला, फाइल हटवली, ॲप हटवले. साच्याला एकच क्रियापद हवे असते, म्हणून तो नपुंसकलिंगाचा आश्रय घेतो. हा दोष भाषांतरकारांचा नाही. मूळ रचना करताना मराठीसारख्या भाषेचा विचार नव्हता, आणि दहा वर्षे आधी आलेली अँड्रॉइड व नंतर आलेली आयओएस या बाबतीत एकाच पंक्तीत बसतात.

या दोन प्रणालींपलीकडे तिसरा पर्याय निर्माण करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. मुंबईच्या आयआयटीतील माजी विद्यार्थ्यांनी काढलेली, प्रथम ‘फर्स्टटच’ आणि मग ‘इंडस ओएस’ या नावाने ओळखली गेलेली प्रणाली २०१५ पासून मायक्रोमॅक्सच्या फोनांवर आली. ती अँड्रॉइडच्याच पायावर उभी होती. पण भारतीय भाषा हे तिचे पुरवणीचे अंग नसून मूळ प्रयोजन होते. संदेशावर बोट सरकवले की लिपी किंवा भाषा बदलावी, ही तिची कल्पना मार्मिक होती. पुढे स्वस्त चिनी फोनांच्या लाटेत तिचे भागीदार मागे पडले, प्रणालीचे रूपांतर ॲपच्या भांडारात झाले आणि ते भांडार फोनपेच्या मालकीचे होऊन फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘इंडस ॲपस्टोअर’ म्हणून पुन्हा उघडले. जुलै २०१७ मध्ये जाहीर झालेला जिओफोन कायओएसवर चालत असे. १,५०० रुपयांच्या अनामतीवर मिळणाऱ्या त्या फोनने बावीस भारतीय भाषांचा दावा केला होता. शासनाने २०१६ च्या अधिसूचनेने, भारतीय मानक १६३३३ च्या तिसऱ्या भागाचा आधार घेऊन, प्रत्येक फोनवर बावीसही भाषांतील मजकूर वाचता यावा आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भाषेत लिहिता यावे, असे बंधन घातले. या ‘आणखी एका’ भाषेच्या उल्लेखातच नियमाची मर्यादा आहे: ती भाषा कोणती हे ठरवणे ग्राहकाच्या हाती नाही. शिवाय नियम वाचणे व लिहिणे यांपुरता आहे. शोधणे, ऐकणे आणि बोलणे त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

किंमतीविषयी थोडक्यात. भारतातील दहा स्मार्टफोनांपैकी नऊंहून अधिक अँड्रॉइडवर चालतात, आणि भिवापूरसारख्या ठिकाणी किंमतीनेच ही निवड आधी करून ठेवलेली असते. त्यामुळे तेथील ग्राहकापुढचा खरा प्रश्न दोन प्रणालींमधील नसून अँड्रॉइडच्याच निरनिराळ्या अवतारांमधील आहे, आणि तुलनाकार नेमका त्यालाच बगल देतात. एक मुद्दा मात्र आयफोनच्या बाजूने नोंदवला पाहिजे. २०१८ मध्ये विकल्या गेलेल्या आयफोन एक्सआरला आयओएस १८.४ मिळाली, म्हणजे सात वर्षांपूर्वीचा फोन २०२५ मध्ये मराठी शिकला. स्वस्त अँड्रॉइड फोनला प्रणालीची नवी आवृत्ती एकदा किंवा दोनदा मिळते आणि मग तो आहे तेथे थांबतो. कळफलक व आवाज ओळखणे ही अंगे अँड्रॉइडमध्ये स्वतंत्र ॲपच्या रूपाने सुधारत राहतात, ही जमेची बाजू. पण साच्यातील वाक्ये आणि मूळ अक्षरसंच प्रणालीबरोबर गोठतात. महागड्या अँड्रॉइड फोनांना, उदाहरणार्थ २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि २०२४ च्या गॅलक्सी एस २४ ला, सात वर्षांचे आश्वासन मिळाले आहे. ज्याला यंत्राकडून मराठीची सर्वाधिक गरज आहे त्याच्याच यंत्राची मराठी सर्वांत लवकर शिळी होते, हा या व्यवस्थेतील विपर्यास कोणत्याही तक्त्यात उतरलेला नाही.

राहिला पाचवा अर्थ, शोध आणि अनुक्रम. येथे दोन्ही प्रणाली एकाच विहिरीचे पाणी पितात. तारखा, महिन्यांची नावे, अंक आणि वर्णक्रम यांची माहिती दोघीही युनिकोडच्या सीएलडीआर या समाईक संग्रहातून घेतात. या संग्रहात मराठीसाठी देवनागरी अंक हे मूळ अंक मानले आहेत. हिंदीसाठी तसे नाही, तेथे रोमन वळणाचे अंक धरले आहेत. वर्णक्रमातही मराठीचा नियम स्वतंत्र आहे: ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. हिंदीत क्ष हा क च्या आणि ज्ञ हा ज च्या पोटात जातो. याचा पडताळा कोणत्याही दुकानात पाच मिनिटांत घेता येतो. फोनची भाषा मराठी करावी, संपर्कांच्या यादीत ‘क्षीरसागर’, ‘ज्ञानेश्वर’, ‘कमल’ आणि ‘हरिदास’ अशी चार नावे घालावी आणि पाहावे: ‘क्षीरसागर’ हे नाव ‘कमल’च्या शेजारी बसते की ‘हरिदास’च्या खाली. नंतर कळफलक बदलून ‘शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर’ असे दोनदा, दोन वेगळ्या कळफलकांनी लिहून त्यांपैकी एक शोधावे. एक सापडते की दोन, हे फोनच्या खोक्यावर छापलेले नसते.